हात धुऊन ये

"आधी हात धुऊन ये. साबणानं."

संपादक मला रोज हेच म्हणायचा. सगळ्यांसमोर. मग नळावर जायचं, हात चोळायचे, परत येऊन ते त्याच्यापुढे धरायचे. तो वाकून वास घ्यायचा. बाकीचे हसायचे. मग कागद मिळायचा.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. पनवेलच्या कॉलेजात मी एस.वाय.ला होते. मुलं दरवर्षी हस्तलिखित काढायची. एकच प्रत, जाड कागद, चित्रं, कविता, सगळं हातानं. माझं अक्षर मोत्यासारखं, म्हणून मला घेतलं होतं. उतरवायला. संपादक कळंबोलीच्या नव्या वसाहतीतला, साहेबाचा मुलगा. आम्ही उरणकडच्या खाडीकाठचे कोळी. आय पनवेलच्या मार्केटात मासळी विकायची. सकाळी तिच्यासोबत कोळंबी सोलायची आणि तिथूनच कॉलेज गाठायचं. वास येणारच. कोळंबी काही गुलाबाची नसते.

मीही एक लेख दिला होता. आयचा दिवस, पहाटेपासूनचा. त्यानं दोन ओळी वाचल्या. "हे साहित्य नाही गं. तू आपली अक्षराकडे बघ." आणि स्वतःची कविता पुढे सरकवली. कोळणीवरची! तिच्यात भर ओहोटीला होडी खाडीत शिरत होती. ओहोटीला आमच्या खाडीत गुडघाभर चिखल असतो, होडी रुतून बसते. हे मला सांगता आलं असतं. मी गप उतरवलं.

दोन महिने उतरवत होते. अख्खा अंक माझ्या हातचा. नाव कुठेच नाही.

प्रकाशनाच्या दिवशी अंक टेबलावर उघडा ठेवला होता. गर्दी होती. आणि दारात आय! मार्केट आटपून, रिकामी पाटी बाहेर ठेवून आलेली. मी बोलावलं नव्हतं. खरं सांगते, तिला पाहून मी आधी संपादकाकडे बघितलं.

ती सरळ टेबलाशी गेली. वाचता येत नव्हतं, पण चुलीपुढे बसून मी लिहायचे ते तिनं वर्षानुवर्षं पाहिलेलं. अक्षर तिनं लगेच ओळखलं.

"यो समदा तूच लिवलास ना गो?"

तिचा चेहरा असा फुलला होता. तिनं पानावर ठेवायला हात पुढे केला. संपादक आमच्याकडे बघत होता. आणि मी म्हणाले,

"आय, हात नको लावू. वास लागंल."

मी म्हणाले. त्यानं तोंडही उघडलं नव्हतं.

आयनं हात मागे घेतला. पदराखाली लपवला. "नाय लावत, बाय," म्हणाली. लहान मुलीसारखी. मग पाटी उचलून निघून गेली. अंकभर मी दुसऱ्यांची वाक्यं उतरवली होती. हेही वाक्य त्याचंच. तोंड तेवढं माझं.

थोड्या वेळानं संपादक आला. पाहुण्यांचा अभिप्राय शेवटच्या पानावर उतरवायचा होता. "पटकन लिहून दे. आणि हात धुऊन ये."

"नाय."

"काय?"

"नाय लिवनार. नि हातबी नाय धुनार. तुज्या अंकाला दोन महिने याच हाताचा वास हाय."

पेन टेबलावर ठेवलं आणि धावत सुटले. आय स्टँडवर भेटली. मी तिच्या हातातली पाटी घेतली. पुढे माझं लिहिलेलं छापून आलं. मी ते तिच्यापुढे ठेवायचे. ती लांबूनच बघायची, हात पदराखाली. मरेपर्यंत तिनं माझ्या एकाही पानाला हात लावला नाही.

त्याला मी माफ केलेलं नाही. स्वतःलाही नाही. आता लिहिते ते फक्त माझं आणि आयचं. आजही सकाळी मासळी साफ करते आणि तशीच कागदापुढे बसते.

हात धूत नाही.