तारक्कांच्या वहीतलं टिंब

तारक्का मोबाईलवर मेसेज पाठवण्याआधी गिऱ्हाइकाचं नाव तोंडाने घ्यायच्या. "पद्मम्मा, मोरपंखी आली बघा," हे आधी रिकाम्या काउंटरला ऐकवायचं, मग एका बोटाने टाइप करायचं. म्हैसूरच्या आमच्या साडीच्या दुकानात त्यांची बावीस वर्षं गेली होती. मी तिथला कॉम्प्युटरवाला.

त्यांच्यापाशी गिऱ्हाइकांची एक वही असे. त्यात काही नावांपुढे लाल टिंब. त्या घरात कुणी गेलेलं असलं की वर्षभर सण नाही, म्हणून आमचा मेसेजही नाही. वर्ष सरलं की त्या टिंबावर काट मारून स्वतः फोन करायच्या. म्हणायच्या, "रेशीम काय, कवाबी विकतंय. माणूस आधी उठून बसू दे, अल्लवा? खरं ना?"

मग मालकांनी ठरल्या वेळी सगळ्यांना आपोआप मेसेज पाठवणारं सॉफ्टवेअर घेतलं. दसऱ्याआधी तारक्का वही घेऊन आल्या आणि टिंबाची अकरा नावं गाळायला सांगून गेल्या. मी मान डोलावली. पण यादी भरून झाली होती, तिच्यात पुन्हा हात घालायचा मला कंटाळा आला. कारण एवढंच. ते इतकी वर्षं मी कुणाला सांगितलं नाही.

सकाळी नऊला घरोघरी मेसेज गेला: नव्या रेशमी साडीत सहकुटुंब दसरा साजरा करा. साडेनऊला बेट्टदपुरच्या एका बाईंचा फोन आला. त्यांचे यजमान श्रावणात गेले होते. त्या चिडल्या नव्हत्या. सहकुटुंब म्हणजे कोणाकोणाला आणू, एवढंच विचारत होत्या.

यादी कुणाची, मालकांनी विचारलं. मी की-बोर्डकडे बघत राहिलो.

"मी दिलेली," तारक्का म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्यांना काउंटरवरून उठवून मागच्या खोलीत घड्या घालायला बसवलं. बावीस वर्षांची गिऱ्हाइकं त्यांच्यापासून तुटली. आठवड्याभरात त्या मला सोबत घेऊन अकराही घरी माफी मागून आल्या. बेट्टदपुरला आम्ही बसने गेलो, बाकी माझ्या स्कूटरवर. प्रत्येक दाराशी मी बाहेरच उभा. बन्नीमंटपच्या शेवटच्या घरातून येऊन म्हणाल्या, "परवागिल्ला रे, असू दे. कॉफी दिली त्यांनी."

यंदा ज्येष्ठात तारक्का गेल्या. तेराव्यानंतर मी त्यांच्या यजमानांना सांगितलं, तो मेसेज माझ्या आळसाने गेला होता.

ते म्हणाले, "तिला ठाऊक होतं की. बन्नीमंटपहून आली तवाच बोलली. म्हणाली, अकरा घरं झाली, त्याला एकदाबी आत बोलावलं नाही मी. तेवढं चुकलं बघा."

दुकानात येऊन मालकांनाही सांगितलं. मग यादी उघडली. तारक्कांचं नाव तोंडाने घेतलं आणि त्यांच्या घरच्या नंबरापुढे लाल टिंब दिलं.