गच्चीवरची लाट
कुंड्यांना पाणी घालताना खालची फळी भिजते, ओल्या लाकडाचा वास येतो आणि मला संत तुकाराम नगरातली ती गच्ची आठवते. आम्ही दोघं मित्र चाकणच्या एकाच कंपनीत, एकाच लाईनवर; सुट्टी फक्त गुरुवारी. त्याने मोबाईलवर गोव्यातलं एक गाव शोधलं होतं, जिथे नवशिक्यांनाही फळीवर उभं राहून लाटेवरून जाता येतं. शनिवार-रविवार ठरला, आम्ही सुट्टीचा अर्ज दिला, आणि सरावासाठी त्याने कंपनीतल्या मोडक्या खोक्याची लांब फळी गच्चीवर आणली. मी तिच्यावर पालथा झोपायचो, तो बादलीभर पाणी ओतून ओरडायचा, "ऊठ भावा, लाट आली!" मी उठायचो आणि दर वेळी धपकन आपटायचो. तो पोट धरधरून हसायचा. शुक्रवारी सुपरवायझर म्हणाले, दोघांपैकी एकालाच सोडता येईल. "तू जा राव," तो म्हणाला. "मी नाही, तूच जा," मी म्हणालो. वाद तसाच राहिला. शनिवारी सकाळी मी युनिफॉर्म घालून कंपनीच्या बसथांब्यावर गेलो, तर तो डबा घेऊन आधीच उभा! पुढच्या महिन्यात नक्की, असं म्हणत दोघंही बसमध्ये चढलो. त्याआधीच त्याची चेन्नईच्या प्लांटला बदली झाली. आता मी रावेतला राहतो, शनिवार-रविवार सुट्टी असते. आज कुंड्या बाजूला सारल्या आणि गुडघे वाकवून त्या ओल्या फळीवर उभा राहिलो. पहिल्यांदाच पडलो नाही, आणि बघायला तो नव्हता.