मास्तरांची चालती हजेरी

“पप्पा, उद्यापासून एकट्याने चालायला जायचं नाही!” शेजारच्या मास्तरांची सून फाटकात उभी राहून त्यांना सांगत होती.

मास्तर निवृत्त झालेत, पण रोज सकाळी पांढरे बूट घालून राजोडीच्या समुद्रापर्यंत झपझप जातात. जाताना आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घराची हजेरी घेतात, माणसांची नावं मोठ्याने म्हणत. येताना तीच नावं उलट्या क्रमाने. “पायांबरोबर डोकंही चालायला हवं,” असं ते गल्लीतल्या कुत्र्यांनाही समजावतात. माझं नाव आलं की मी पडद्यामागे सरकते.

त्या सकाळी मात्र ते केळीच्या वाडीतल्या जुन्या पायवाटेने निघाले आणि तिथे झालेल्या नव्या इमारतीच्या आवारात तासभर घुटमळत राहिले. तिथला वॉचमन नुकताच त्यांना घरी सोडून गेला होता.

“माझं काय चुकलं? वाट तिथूनच जाते,” मास्तर म्हणाले. “मध्ये इमारत त्यांनी घातली.”

सून हसली नाही. मग ते पायरीवर बसून बुटांच्या नाड्या सोडू लागले. मला ते बघवेना. मी कुंपणापाशी गेले.

“सर,” मी म्हटलं, “उद्या मी येऊ तुमच्याबरोबर?”