महेश्वरीचे परीक्षक

आमच्या मुरुमच्या शरणबसप्पांची महेश्वरी पुण्याला एम. टेक. करते. काय शिकते, हे तिला विचारू नये. सांगायला बसली की चहा गार होतो. मला कळलं ते एवढंच: मोबाइलवर आपण काही शोधलं की कुठलं पान वर यावं आणि कुठलं खाली, हे ठरवणारी एक यंत्रणा असते. हिनं ती मराठीतल्या शेतीच्या प्रश्नांसाठी बनवली. ती बरी की वाईट, हे मात्र तिनं स्वतः ठरवायचं नाही, कुणाला सुचवायचंही नाही. शेती कळणाऱ्या माणसांनी एकेक पान वाचून 'कामाचं' किंवा 'बिनकामाचं' अशी खूण करायची.

म्हणून दिवाळीत ती कागदांचा गठ्ठा घेऊन आली. बापाच्या कापड दुकानात माणसं जमली, चष्मे निघाले, फराळ झाला, खुणाही झाल्या. पोरगी खुशीत परत गेली.

पुण्याच्या सरांनी गठ्ठा चाळला आणि कपाळाला हात लावला. सगळीकडं 'कामाचं'! यावरून काहीच सिद्ध होत नाही, सोमवारपर्यंत नव्या खुणा आणा, नाहीतर यंदा प्रबंध घेता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. आणि घरात तर ठरलेलं, हे वर्ष शेवटचं; पुढं शिक्षणाचं नाव काढायचं नाही.

शुक्रवारी ती एसटीतून उतरली ती थेट शेजारच्या गुंडाप्पांच्या ओट्यावर.

"काका, प्रश्न होता, तूर वाळायली तर काय करावं. हे पान तुरीच्या आमटीचं हाय. ह्याला कामाचं कसं म्हणलात?"

"आमटी लागतीच की."

"काका!"

"आगं, तू येवढं पुन्याहून घिऊन आलीस. बिनकामाचं म्हनायला जीभ रेटत न्हाय बग."

अहो, पाहुण्याघरची आळणी भाजी 'झकास' म्हणून खाणारी ही माणसं. गावच्या लेकीच्या कष्टावर फुली कशी मारतील? हे त्या सरांना कोण सांगणार!

मग ती दारोदार फिरली. "बिनकामाचं वाटलं तर तसं म्हणा, मला वाईट वाटणार न्हाय," असं हात जोडून सांगत राहिली. हात जोडल्यावर तर माणसं आणखीच विरघळली. एका म्हातारीनं तिची दृष्ट काढली.

रविवारी दुकानात कापडाच्या ताग्यावर डोकं टेकून ती रडली. मी समोरच होतो. शरणबसप्पांना ते बघवेना. त्यांनी गिऱ्हाइकाला उद्या यायला सांगितलं, शटर अर्धं ओढलं आणि पेन घेऊन लेकीसमोर मांडी घातली.

"रडू नगं. आण हिकडं कागद."

तिनं डोळे पुसले. आप्पा तरी खरं सांगतील, अशा आशेनं गठ्ठा त्यांच्या मांडीवर ठेवला.

"हं, सांग आता," शरणबसप्पा म्हणाले, "कुठं कुठं न्हाय म्हनायचं? तू म्हनशील तितं म्हंतो."