जांभळं सुती पातळ

आजकाल नागपूरच्या पोट्ट्या गाडी करून सौसरच्या बाजारात येतात आन माझ्या जुन्या कपड्यायच्या ढिगात हात घालून विचारतात, "आंटी, विंटेज आहे का?" पयले मले समजेच ना. आता सांगते, "हो वं माय, सारंच विंटेज आहे, काढ." मोठ्या कॉलरचे शर्ट, कोणाच्या आजीचं पातळ, जे सापडलं ते अंगावर धरून तिथंच फोटो काढतात. काढा बाप्पा, माझं काय जाते! पण त्यायच्या बाजूलेच मोहगावचे रघुनाथराव गुरुजी तोच ढीग उपसत बसलेले राहत, तवा त्या पोट्ट्यायचं खिदळणं मले ऐकवत नसे.

माझा धंदा साधा आहे. गल्लीगल्लीत ओरडत फिरायचं, जुने कपडे घ्यायचे आन बदल्यात स्टीलचं भांडं द्यायचं. त्यातलं चांगलं असन ते बाजारात मांडते. झिजलेलं सुती असलं की चिंध्या फाडून गॅरेजवाल्यायले किलोनं देते.

गुरुजीची बायको प्रेमलताबाई मागच्या साली गेली. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मी मोहगावात फिरून राहिली होती, तर गुरुजीनं स्वतः हाक मारली. गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवू नये, असं कोण्या नातेवाईकानं कानात घातलं असन. त्यायनं कपाट उघडलं, तोंड दुसरीकडं केलं न् म्हणाले, "सारे घेऊन जा बाई." दोन गाठोडे निघाले. मी बदल्यात स्टीलचं एक गंज-पातेलं दिलं, तेही लहानच. बाया एका वाटीसाठी तासभर भांडतात, हा माणूस एक शब्द बोलला नाही. मी खुशीत घरी आली. आग लागो त्या खुशीले.

पाचसहा महिन्यानं गुरुजी बाजारात दिसू लागले. दर बाजाराले मोहगावहून बसनं येत, ढिगाजवळ उकिडवे बसत, एकेक कपडा उघडून पाहत न् परत घडी करून ठेवत. घेत काहीच नव्हते. तीन बाजार मी चूप राहिली. चौथ्या बाजाराले माझं डोकं सटकलं.

"काहो गुरुजी, काय पाहून राहिले तुम्ही? घ्यायचं असन तर घ्या, नाहीतर गिऱ्हाइकाले जागा द्या जी."

त्यायचा चेहरा एवढासा झाला. मग हळूच बोलले. पोरगी प्रणाली, पांढुर्ण्याले दिलेली. तिले सातवा लागला होता, पहिलंच बाळंतपण. आमच्याकडं लेकराले पाचवीपर्यंत नवं कापड लावत नाहीत, जुन्या मऊ पातळात गुंडाळतात. माय नाही तर तिचं पातळ तरी असावं, म्हणून पोरीनं फोनवर मागितलं होतं. जांभळं, सुती. काठाजवळ रफू केलेलं, पण ते पोरीच्या लग्नानंतरचं.

"मी तिले सांगितलं, पेटीत ठेवलं आहे म्हणून," गुरुजी म्हणाले. "सारं आयुष्य पोट्ट्यायले खोटं बोलू नका म्हणून शिकवलं मी."

ते पातळ मले पक्कं आठवत होतं. रफू पाहून मीच ते चिंध्यायमध्ये टाकलं होतं. इतकं झिजलेलं, की फाडताना हाताले जोरही लागला नाही. आता हे त्या माणसाले कोणत्या तोंडानं सांगू? मी म्हणली, "पाहते जी. घरी अजून गाठोडे आहेत."

दोन महिने हेच बोलली मी. दोन महिने गुरुजी आले. उन्हात घामाघूम होऊन शोधत, पाच मिनिटं दम खात, पुन्हा शोधत. कधी माझ्यासाठी घरचे संत्रे आणत. ते संत्रे मी बाजूवाल्यायले वाटून टाकत होती.

शेवटी जामसावळीच्या एका घरून मले तसंच जांभळं पातळ भेटलं. दोनदा धुतलं, उन्हात वाळवलं न् गुरुजीच्या हातात दिलं. त्यायनं काठ बोटानं चाचपला.

"रफू नाही याले. हे तिचं नाही, बाई."

"प्रणालीले कोठं समजणार आहे? न्या जी. दिवस भरत आले तिचे."

गुरुजी ते पिशवीत घालून गेले. त्या दिवशी मी पोटभर जेवली. म्हटलं, सुटली बाई मी.

महिनाभर आले नाहीत. पोरगी झाल्याचं एका मोहगाववाल्याकडून समजलं. आन मागच्या बाजाराले पाहते तर काय, गुरुजी पुन्हा ढिगाजवळ! पुन्हा एकेक कपडा उघडणं सुरू.

"अवो गुरुजी, आता काय शोधून राहिले? झालं ना पोरीचं काम?"

"तिचं झालं. तिनं ते पातळ नाकाले लावलं न् खूप रडली. म्हणे, बाबा, आईचा वास येते." हातातला कपडा खाली ठेवून म्हणाले, "मग मीही लावलं, बाई. मले नाही आला."

माझ्याच्यानं राहवलं नाही. रडत रडत सारं सांगून टाकलं. "नका शोधू गुरुजी. ते राहिलंच नाही. मी फाडलं, माझ्या हातानं. तुम्ही पहिल्यांदा आले त्याच्या कितीतरी आधी."

वाटलं, शिव्या देतील. द्यायलेच पाहिजे होत्या. पण त्यायनं खाली ठेवलेला कपडा घडी करून ढिगावर ठेवला. बाजूची एक पोट्टी फोटो काढून राहिली होती, तिच्यासाठी थोडे सरकलेही.

मग मले विचारलं, "आता बाजाराच्या दिवशी मी कोठं जाऊ, बाई?"