बोटी काठावर असतात तेव्हा

मिरजेतून बाईकवर निघालो तेव्हा घरी "मित्राकडं जाऊन येतो" एवढंच सांगितलं. तिसऱ्या वर्षाला सरांशी भांडून कॉलेज सोडलं तेव्हापासून घरचे मला जास्त विचारत नाहीत. विचारलं की मी भडकतो. खरं कारण अश्विनी, माझ्याच वर्गातली. गणपतीला गावी गेली ती परत आलीच नाही, फोनही उचलेना. गाव कोयनेच्या बॅकवॉटरच्या काठावर. वडिलांची तिथं लाँच आहे आणि लाँचवर लेकीचंच नाव आहे, हे तिनं एकदा फोटो दाखवून सांगितलेलं. गावाचं नाव मी इथं देणार नाही.

रस्ता सांगतो. सांगली, आष्टा, इस्लामपूर करत पेठनाक्याला हायवेला लागायचं. कराडजवळ पुलाचं काम, तिथं डोकं फिरतं. माझं फिरलंच, एका ट्रकवाल्याशी रस्त्यातच वाजलं. साताऱ्यात टाकी फुल करून घ्या, पुढं पंपाचा भरवसा नाही. यवतेश्वरचा घाट धुक्यात होता. कासला फुलांचा सीझन, गाड्यांची रांग, सेल्फ्या. मी हॉर्न वाजवत निघून गेलो. फुलं होती म्हणे जांभळी.

कास ओलांडून खाली उतरायला लागलो आणि आवाजच संपले. पाऊस सरत आलेला, धरण काठोकाठ, आणि त्या एवढ्या पाण्यावर एकही बोट नाही. सगळ्या लाँच काठावर ओढून वर ताडपत्र्या टाकलेल्या. दसऱ्याला पूजा झाल्याशिवाय इथं कुणी इंजिन चालू करत नाही. आजारी माणूस न्यायचा असेल तरच.

तिकिटाच्या केबिनमध्ये कॅरम रंगलेला. "पलीकडं कोण सोडेल का?" मी विचारलं. खरं तर मला पलीकडं जायचंच नव्हतं, पण काहीतरी विचारायला हवं होतं.

"बोटिंग बंद हाय," माझ्याच वयाचा एक जण म्हणाला. त्याचं नाव बाळू. "काय बघायला आलायसा?"

"फुलं."

"फुलं वर ऱ्हायली की, गड्या."

सगळे हसले. मी भडकणारच होतो. तेवढ्यात केबिनच्या मागं ताडपत्रीखालून फोटोतली निळी लाँच दिसली. पिवळ्या अक्षरात अश्विनी.

ऑफ-सीझनला आलात तर राहायची सोय घरगुतीच होते. मी बाळूकडे राहिलो. नाचणीची भाकरी, ओढ्यातल्या खेकड्यांचा रस्सा, लय तिखट. दुपारी ही माणसं काय करतात, तर एका जुन्या होडीला बांबू रोवून त्यावर फाटकी ताडपत्री शीड म्हणून बांधतात आणि वाऱ्यावर सोडून देतात. सीझनभर डिझेलचा धूर खाल्लेली माणसं ही.

"कुठं जाताय?" मी काठावरून ओरडलो.

"कुठं न्हाई. वारं नेईल तिकडं."

मला ते बघवेना. मी आपला काठावर येरझाऱ्या घालत होतो. गावात शिरून तिचं घर विचारायची हिंमत होत नव्हती, आणि निघूनही जाववत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोटी खरवडायचं काम निघालं. जुना रंग पत्र्याच्या पट्टीनं काढायचा, म्हणजे नवा धरतो. त्या निळ्या लाँचजवळ तिचे वडील उभे होते. सगळे त्यांना आबा म्हणतात. मला वाटलं, हीच संधी. कष्ट करून दाखवू, चांगलं मत होईल.

"आबा, ही मी करतो. नावाकडनंच सुरुवात करतो."

बाळूनं आबांकडं बघितलं.  आबांनी पट्टी माझ्या हातात दिली. "कर बाबा. तुजा हात लागला तर बरंच हाय."

मी हुरळून गेलो. अर्धी अक्षरं उडाल्यावर बाळूला म्हटलं, "दसऱ्याला परत असंच झ्याक लिवा."

"परत कसलं? लेक घरात हाय तवर तिचं नाव. लगीन ठरलं की पितरांच्या पंधरवड्यात खरवडायचं, दसऱ्याला सुनंचं घालायचं." त्यानं आवाज खाली आणला. "बापाच्यानं हुईत न्हाई रं ते. म्हणून परक्या हातानं करून घेत्यात."

मी पट्टी दगडावर आपटली. "कुणाला विचारून ठरवलं?" सगळा काठ माझ्याकडे बघायला लागला. आबाही. त्याच वेळी चहाची किटली घेऊन अश्विनी उतारावरून येत होती.

ती थांबली नाही. किटली ठेवली, माझ्यासमोर आली. "आबा, हा माझ्या कॉलेजातला."

आबा केबिनकडे गेले. बाळूही मागोमाग.

"फोन का उचलत नव्हतीस?"

"उचलला असता तर तू बाईक घेऊन आला असतास."

"आलोच की."

"म्हणूनच उचलला नाही."

"तुझ्यावर जबरदस्ती केली का कुणी?"

"नाही. मी हो म्हटलंय. तुझी वाट बघितली नाही असं समजू नकोस. मी परीक्षा दे म्हटलं, तू सरांशी भांडलास. नोकरी धर म्हटलं, तू मालकाशी भांडलास. किती दिवस मी घरी सांगायचं, की थांबा?"

 

तिनं वाकून पट्टी उचलली, माझ्या हातात दिली. उरलेल्या अक्षरांकडं बघत म्हणाली, "हे तरी अर्धं सोडू नकोस."

आणि गेली.

मी सगळं खरवडलं. दुपारी बाळूनं न विचारता मला होडीत बसवलं. ताडपत्री फडफडली, होडी काठापासून सुटली. कुठं जायचं ते मीही विचारलं नाही.

मिरजेला परतून बरेच दिवस झाले. दसरा झाला, सीझन उघडला. मित्र विचारतात, कुठल्या लाँचनं जाऊ? निळ्या लाँचनं जा म्हणतो, आबा सांभाळून नेतात. पण जमलं तर पावसाच्या शेवटाला जा, बोटी काठावर असताना. कुणी हातात पट्टी दिली तर नाव कुणाचं, ते आधी विचारा.

तिथं आता काय लिहिलंय, मला माहीत नाही. रंग मात्र चांगला धरला असणार. खाली पिवळा कणसुद्धा ठेवला नव्हता मी.