येसाजीचे बांधलेले हात

खोपोलीच्या येसाजीला हात स्वस्थ ठेवणं कधी जमलंच नाही. तरुणपणी तो बोरघाटाच्या पायथ्याशी जोड लावत होता. भरल्या गाडीचे बैल चढाला हबकले, की आपले दोन बैल पुढे जुंपायचे आणि स्वतः मागून रेटा द्यायचा, हा त्याचा धंदा. आगगाडी आली आणि धंदा बसला, हातांची खोड मात्र गेली नाही. गावात पालखी निघाली तरी हा मागून ढकलणार. बायको सोनुबाई कपाळाला हात लावायची. "अवो, देव हाय तो, गाडी नाय!"

१९०० सालच्या दुष्काळातली गोष्ट. वैशाखात एका दुपारी पाच तरुण मुंबईहून पुण्याला दोन चाकांच्या पायगाड्या हाणत निघालेले खोपोलीच्या तळ्यावर विसाव्याला थांबले. बैल नाही, घोडा नाही, माणूसच बैल आणि माणूसच गाडीवान! येसाजीला हसूच आलं. पण त्यांचे पुढारी अप्पासाहेब वकील म्हणाले, की नगरकडच्या उपाशी गुरांना चारा मिळावा म्हणून आम्ही निघालोय, तेव्हा तो हसायचा थांबला. त्याची एकुलती एक लेक आवडी नगरकडेच दिली होती. दोनच बैल उरलेत आणि तेही बसले की शेपटी धरून उठवावे लागतात, असा तिचा निरोप होता.

जेवून मंडळी झाडाखाली आडवी झाली. धर्माच्या कामाला जोड फुकट लावायची, हा येसाजीच्या बापापासूनचा रिवाज. त्यानं पाचही पायगाड्या आपल्या गाडीत चढवल्या आणि घाट धरला.

वरच्या वळणावर पाचही जण धापा टाकत येऊन थडकले. चोराला बडवायच्या तयारीनंच आले होते. येसाजी मात्र कौतुकाची वाट पाहत हसत उभा. अप्पासाहेब मटकन खाली बसले.

"अरे बाबा, काय केलंस हे! एका शेटजींनी शब्द दिलाय. गाड्या आमच्याच बळावर पुण्याला पोचल्या, पुढे रेटायला परका हात लागला नाही, तरच आगगाडीच्या दहा वाघिणी भरून चारा नगरला जाणार."

येसाजीचं तोंड एवढंएवढंसं झालं. पाचांतला एक जण म्हणाला, "पाहिलंय कुणी? चला पुढे." अप्पासाहेबांनी पुढच्या चढाकडे पाहिलं. उन्हानं तेही शिणले होते. खरं सांगायचं तर येसाजीलाही मोह झाला. खाली जाऊन हा घाट चढताना पोरं थकली, तर चारा गेला आणि आवडीचे बैलही गेले.

"मी पायलं ना, सायेब," तो शेवटी म्हणाला आणि त्यानं गाडी फिरवली.

तळ्यापासून पुन्हा चढण सुरू झाली. पोरं पायगाड्या ढकलत निघाली, येसाजी गाडी तळ्यावरच ठेवून बाजूनं चालू लागला. पहिल्याच वळणावर एकाचं चाक मागे घसरलं आणि येसाजीचे हात आपोआप पुढे गेले. कसेबसे त्यानं ते आवरले. मग डोक्याचं पागोटं सोडून अप्पासाहेबांपुढे धरलं.

"माझे हात बांधा, सायेब. मला नाय भरवसा त्यांचा."

अप्पासाहेब हसले, पण त्याचा चेहरा पाहून हसणं विरलं. त्यांनी त्याचे हात पाठीमागे बांधले. सबंध घाट म्हातारा तसाच उघड्या डोक्यानं चढला. चाक घसरलं की पागोट्याला हिसके द्यायचा आणि ओरडायचा, "रेट रं लेकरा, रेट!" खंडाळ्याला पोचल्यावर अप्पासाहेबांना ती गाठ सुटेना. कापावी लागली. येसाजीची मनगटं सोलून निघाली होती.

पोरं पुण्याला पोचली. आषाढात आवडीचा निरोप आला. चारा मिळाला होता आणि बैल नांगराला उभे होते.

सोनुबाईनं डोळे पुसले. फाटकं पागोटं शिवता शिवता विचारलं, "लेकीला काय कळवू? बापानं काय केलं म्हनू?"

"काय सांगशील? हात बी लावला नाय म्हन," येसाजी म्हणाला, आणि लहान मुलासारखा रडू लागला.